बायाक्कासाठी खणलेले दोन खड्डे

परवाच्या रविवारी उपासना संपली आणि अप्पासाहेब पंच उभे राहिले. म्हणाले, "कबरस्तानात भिंत घालायचं ठरलंय. दगडाच्या गाड्या सांगितल्यात." का, तर गुरं शिरतात. बरं, गुरं शिरतात तर कुंपण चौफेर घालावं की नाही? तसं नाही. भिंत घालायची ती मधूनच. वरल्या आळीचे मेलेले अलीकडं, दोराच्या आळीचे पलीकडं. "गुरं काय आळी विचारून चरत्यात व्हय?" मी बसल्या जागेवरून विचारलं. बायका हसल्या, पंच हसले नाहीत.

देश मोकळा होऊन अजून महिना झाला नाही. निपाणीत लाडू वाटले, आमच्या शाळेवर झेंडा लागला, आणि त्यानंतरचं पहिलं काम काय, तर मढ्यांची वाटणी! हल्ली जिकडंतिकडं हद्दीचंच बोलणं चाललंय. हे गाव इकडं का तिकडं, ती वस्ती कुणाची. ते वारं आमच्या देवळातही शिरलं असावं. मला मात्र ते हसण्यावारी नेता येईना. कारण पंच म्हणतात तिथं पूर्वी एक भिंत होती, आणि ती कुठं गेली हे मला ठाऊक आहे.

मी राजाबाई. बायाक्काची नात आणि मनुबाईची सून. म्हणजे माहेर वरल्या आळीत, सासर दोराच्या आळीत. दोन्हीकडचं ऐकत आले, त्यामुळं मला कुणी थापा मारू शकत नाही. बायाक्काला मी पाहिलेलं नाही. ती गेली तेव्हा मी आईच्या पोटात होते. तिचं सगळं मला आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी सांगितलं, आणि आबांना जे सांगवलं नाही ते मनुआत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी.

आमची वस्ती निपाणीच्या अलीकडं माळावर आहे. दोन्ही आळ्या ख्रिस्ती, एकाच पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्या. वरल्या आळीचे आजे-पणजे वेसकरकी करायचे, म्हणजे गावाची वेस राखायचे, आणि खालच्या आळीचे दोर वळायचे, केरसुण्या बांधायचे. गावानं दोघांनाही वेशीबाहेरच ठेवलं होतं. आणि त्या वेशीबाहेरसुद्धा आमच्या लोकांनी वर-खाली शोधून काढलं, धन्य आहे! देवळात येताना चपला दाराशी काढल्या, पण हे तेवढं आत घेऊन आले. प्रभुभोजनाचे पेले दोन, पाण्याचे आड दोन. कबरस्तान एकच, तर त्याच्या मध्ये पुरुषभर उंचीची दगडांची भिंत.

यातली गंमत ऐका. वरल्या आळीच्या आडावरची दोरी दोराच्या आळीनं वळलेली असायची. घायपाताचा वाख तळहाताला थुंकी लावून वळतात, हे सगळ्यांना ठाऊक. ती दोरी रोज आमच्या आडात बुडायची आणि ते पाणी आम्ही घटाघटा प्यायचो. दोरी चालायची. ती वळणारा मात्र आडाजवळ आला तर बोंब व्हायची. मढं खड्ड्यात सोडायचं तेही त्यांच्याच दोरीनं सोडायचे.

बायाक्का निपाणीला तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. नवरा तरणेपणीच गेला, पदरात एकटा रवळू, म्हणजे माझे आबा. बाई तोंडाळ होती, हे आधीच सांगते. उगीच संतीण करून ठेवायची नाही मला. भांडायला लागली की वखारीचा मुकादमसुद्धा पाठ फिरवायचा. देऊळ झाडायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. एकदा बेळगावचे पाळक छकड्यातून आले आणि प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो भाग त्यांनी वाचला. लोक आमेन म्हणून घरी गेले. बायाक्काला वाटलं, हे आपल्याला काम सांगितलंय. पुढच्या रविवारी ती घागर आणि परात घेऊन देवळाच्या पायरीवर बसली. दोराच्या आळीची माणसं माळावरनं चिखल तुडवत आली, तर ही म्हणते, "पाय फुडं कर रं." परशराम, म्हणजे माझे सासरे, असे घाबरले की आल्या पावली पळाले.

वरल्या आळीत कल्लोळ उडाला. तेव्हा पंच होते भावकू, या अप्पासाहेबांचे वडील. ते आबांना म्हणाले, "रवळू, तुझ्या आईनं आमची नाकं कापली." आबा तरणे, मानी. त्यांनी आईशी बोलणं टाकलं. पण ही ऐकते कसली! दर रविवारी परात मांडून बसायची. कुणी पाय देईना, तरी बसायची. शेवटी एकदा मनुबाईनं पाय पुढं केला. म्हणाली, "आक्का, टाचंला भेग हाय, जपून." दोघी तिथंच हसायला लागल्या. मग हळूहळू दोराच्या आळीचे बाकीचेही पाय पुढं करायला लागले. पेले मात्र दोनाचे दोनच राहिले.

आणि मग मानमोडीच्या तापाचं साल आलं.

पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. दोराच्या आळीच्या आडानं तळ गाठलेला. बेळगावच्या कॅम्पात लढाईवरनं आलेल्या पलटणीत ताप आहे, असं पहिल्यांदा कुणीतरी बोललं. मग निपाणीच्या वखारी एकेक करून बंद झाल्या. मग रस्त्यावरच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. धडधाकट माणूस अंग मोडतंय म्हणून आडवा व्हायचा, त्याचे ओठ निळे पडायचे, आणि बघता बघता संपायचा. आधी आधी कुणी गेलं की देवळाची घंटा वाजायची. पुढं भावकू पंचांनी घंटा बंद करायला लावली, आजारी माणसं तिला भिऊन जीव सोडतात म्हणून. मनुआत्या सांगतात, घंटा थांबली तेव्हा जास्त भ्या वाटायला लागलं. कान सारखे तिकडंच. कबरस्तानाच्या वाटेवर कुत्री दिवसाढवळ्या येऊन बसायची आणि हाकललं तरी उठायची नाहीत.

ताप शिरला तो आधी दोराच्या आळीत. घरंच्या घरं आडवी झाली. पाणी द्यायला उठणारा कुणी नाही आणि आडात पाणी नाही. वरल्या आळीच्या पंचांनी हुकूम काढला, खाली कुणी जायचं नाही, आणि जो जाईल त्यानं परत वर यायचं नाही, आडाला हात लावायचा नाही. आता खरं सांगायचं तर यात नुसता दुष्टपणा नव्हता. लोक भ्यालेले होते. माझी आई चंपाबाई पोटुशी होती, पहिलटकरीण. आबांचा सगळा जीव तिच्यात.

बायाक्का डोक्यावर घागर घेऊन निघाली तेव्हा आबा उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"आये, खाली गेलीस तर ह्या उंबऱ्यात माघारी न्हाय यायचं."

"न्हाय येत."

"चंपीचा तरी इचार कर की गं!"

"चंपी तहानली तर तू हाईस. मनु तहानली तर कोन हाय?"

आबा बाजूला झाले नाहीत. ती त्यांच्या हाताखालून वाकून गेली.

त्यानंतर ती देवळातच राहिली, दोन्ही आळ्यांच्या मधोमध. वरचा आड तिला बंद. मग लांब ओढ्याच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. देवळाच्या पडवीत नाचण्याची आंबील शिजवायची आणि घरोघर तोंडात घालत फिरायची. लोकांची घाण काढली, अंगं पुसली, मेलेल्यांचे डोळे मिटले. मनुआत्यांची थोरली लेक तिच्या मांडीवर गेली. पण मनुआत्या उठल्या, सासरे उठले, काखेतलं पोर वाचलं. ते पोर म्हणजे माझा नवरा. आणखीही बरीच माणसं वाचली. आणि हे सगळं चाललं असताना वरल्या आळीची माणसं दारं लावून बसली होती.

बंदी माणसांना घातली होती. तापाला कोण घालणार? एके दिवशी भावकू पंचांच्याच घरातून कण्हणं ऐकू आलं, आणि मग एकेक दार आतल्या आत गप होत गेलं. बायाक्कानं दोराच्या आळीतल्या उठून बसलेल्यांना सांगितलं, "आता वर चला."

माझे सासरे म्हणाले, "आक्का, आमच्या हातचं पितील का ती?"

"न्हाय पिली तर माघारी या. उद्या परत जावा."

मनुआत्यांनी वरल्या आडाला हात लावला तो त्या दिवशी. अडवायला उभं राहील असं कुणी उरलंच नव्हतं. त्या दारोदार गेल्या. भावकू पंचांनी डोळे मिटून का होईना, पण पाणी घेतलं. आबांच्या दारात मात्र गाडी अडली. आई आत तापानं फणफणलेली, तिला बाईमाणसाचा हात हवा होता, आणि वरल्या आळीत धड उभी राहणारी एक बाई नव्हती. तरी आबा म्हणाले, "तुझ्याकडनं न्हाय. माझी आई तुमीच खाल्लीसा." आत्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. आबांनी तो उचलला आणि अंगणात ओतला. अशा दुष्काळात! ते पाणी जमिनीनं कसं पिऊन टाकलं, ते आबा अजून सांगतात, आणि सांगताना माझ्याकडं बघत नाहीत.

आत्या देवळात परतल्या तर बायाक्का भिंतीला टेकलेली, ओठ निळे.

"चंपी प्याली?"

खोटं बोलावं असं आत्यांच्या मनात आलं होतं. पण जमलं नाही. "न्हाय, आक्का."

"उद्या परत जा," बायाक्का म्हणाली. पहाटे ती गेली.

आता आमच्याकडची एक समजूत सांगायला हवी. खणलेला खड्डा मोकळा ठेवायचा नाही. मोकळा खड्डा दिवस मावळायच्या आत माणूस मागतो, आणि ज्याच्या हद्दीत तो असेल त्याच्यातलंच मागतो. नुसती माती परत लोटूनही भागत नाही. त्याच्या पोटात काही ठेवल्याशिवाय तो मिटत नाही म्हणायचे. पाळक म्हणत, ही ख्रिस्ती माणसाची बोलणी नव्हेत. पाळक बेळगावला राहायचे.

सकाळी दोराच्या आळीच्या माणसांनी भिंतीच्या पलीकडं, भिंतीला लागून खड्डा खणला. आक्का आमच्यात राहिली, आमच्यात मेली, तेव्हा आमच्यातच पुरायची. त्याच वेळी, आई गेल्याचं कानावर येताच, आबा एकटेच कुदळ घेऊन अलीकडं खणत होते, तेही भिंतीला लागूनच. आई माझी, मी माझ्यात पुरणार, असं त्यांचं. दोघांनाही भिंतीपलीकडनं कुदळीचे घाव ऐकू येत होते. पण त्या दिवसांत कबरस्तानात कुदळ थांबतच नव्हती. दोघांनाही वाटलं, त्यांचं कुणीतरी गेलं असेल. विचारायचं कोण? बोलणंच नव्हतं ना!

बायाक्काला बाजेवर घातलं. खांदा द्यायला वरल्या आळीतून आबा एकटे, बाकीचे तिघं दोराच्या आळीचे. अशी बाज वस्तीत कधी उचलली गेली नव्हती. भिंतीच्या टोकापाशी आली तशी ती अडली. आबांनी डावीकडं ओढली, तिघांनी उजवीकडं. मग आबांनी पलीकडचा खड्डा पाहिला आणि त्यांनी अलीकडचा. बाज खाली ठेवली गेली.

"आई माझी हाय. माझ्यात न्हेणार," आबा म्हणाले.

"तू तर तिला घरात घेतली न्हाईस. आता कुठली आई?" सासऱ्यांनी सुनावलं.

भावकू पंच काठी टेकत, थरथरत आले. त्यांनी आधी दोन्ही खड्ड्यांत वाकून पाहिलं, मग मावळतीकडं. ऊन कलंडलं होतं. तिथून पुढचं भांडण बायाक्काचं राहिलंच नाही. मोकळा खड्डा कुणाच्या वाट्याला, एवढंच उरलं.

"तो आमच्यात ऱ्हायला तर पयली माझी चंपी जाईल!" आबा ओरडले. "दोन जीव हायत रं घरात!"

"आन आमच्यात ऱ्हायला तर? आमच्यात काय कमी गेल्यात?"

शिव्या झाल्या, हमरीतुमरी झाली. बाई उघड्या माळावर उन्हात पडलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी तिचीच माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत. कुत्री उठून जवळ आली होती.

तेव्हा मनुआत्या पुढं आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "गप बसा." आबांना म्हणाल्या, "न्हे रं भावा. तुझी आई तुझ्या खड्ड्यात न्हे. मोकळा आमच्याकडं ऱ्हाऊ दे." एवढं बोलून त्या भिंतीला वळसा घालून पलीकडं गेल्या, काठावर बसल्या आणि खाली उतरल्या. सरळ खड्ड्यात! तापातनं उठलेलं अंग, लेक जाऊन आठवडा झाला नव्हता. खालून त्यांचा आवाज आला, "ह्याला माणूस हवंय न्हवं? मी हाय हितं. चंपीला सोड म्हनावं."

सासऱ्यांनी किंकाळी फोडली.  आबा सांगतात, "राजा, कालच मी त्या बाईचं पाणी मातीत ओतलं होतं. आन ती माझ्या बायकूसाठी मरणात उतरली. माझं काळीज फाटलं गं."

आबांनी भिंतीवरचा एक दगड उपसला. भावकू पंचांना वाटलं, आता हा कुणाचं तरी डोकं फोडतो, म्हणून त्यांनी काठी उगारली. आबा दगड घेऊन खड्ड्याच्या काठाला आले, गुडघ्यावर बसले आणि दुसरा हात खाली सोडला.

"मनुआक्का, वर ये. त्याच्या पोटात काय घालायचं ते मी घालतो."

त्यांनी आत्यांना हाताला धरून वर काढलं. मग तो दगड आत टाकला. मग दुसरा, मग तिसरा. सासरे आले, बाकीचे आले. भावकू पंचांच्यानं मोठा दगड उचलवेना, ते बारके टाकत राहिले. पुरुषभर उंचीची भिंत होती, पण दिवस मावळायच्या आत तिचे दगड खड्डा भरेपर्यंत आत गेले, वर माती लोटली; उरलेले पुढं बायाक्काच्या कबरीवर रचले. बायाक्काला शेजारच्या खड्ड्यात सोडलं. दोरीचं एक टोक आबांच्या हातात, दुसरं माझ्या सासऱ्यांच्या. दोघंही हुंदके देत होते.

तिथून आबा आणि मनुआत्या सोबत घरी आले. आबा उंबऱ्यापाशी थांबले आणि या वेळी बाजूला झाले. आत्या आत गेल्या, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. दिवसामागून दिवस त्या तिथंच राहिल्या. आई वाचली, आणि माझा जन्म आत्यांच्याच हातांवर झाला. मानमोडी काही त्या दिवशी गेली नाही. आणखी माणसं गेली. भावकू पंचही त्याच आठवड्यात गेले, ताप उलटून. ते खड्ड्यानं मागितले की तापानं नेले, ते मला विचारू नका. जाताना म्हणाले, "जागा असंल तिथं पुरा." पुढच्या प्रभुभोजनाला पेला एकच मांडला होता, आणि दुसरा कुठाय असं कुणी विचारलं नाही.

आता त्यांचेच चिरंजीव भिंत घालायला निघालेत. काल आबा त्यांना सांगायला गेले होते, "पाया खणशीला तर तो खड्डा उघडल. उघडला की आत कुनी उतरायचं, ते आधी ठरवा." अप्पासाहेब हसले. म्हणाले, "काका, खुळ्या समजुती हायत ह्या." असतीलही खुळ्या. पण एवढ्या वर्षांत या वस्तीत आळीवरून डोकं फुटलेलं नाही. आणि परवापासून पाहते आहे, आडावर बायका पुन्हा वेगवेगळ्या उभ्या राहायला लागल्यात. कुणी सांगितलेलं नाही. आपोआपच.

आज सकाळी दगडाच्या गाड्या आल्या. गवंडी खानापूरचे, त्यांना कशाचं काय ठाऊक! त्यांनी सुतळी ताणून रेघ आखली, ती बरोबर त्या खचलेल्या जागेवरून. मी घरात बघते तर आत्यांची काठी जागेवर नाही. पळत गेले. आत्या रेघेवर पाय पसरून बसलेल्या. शेजारी आबा. अप्पासाहेब कडेला उभे राहून ओरडतायत, आणि ही दोघं जुन्या दुष्काळाच्या गप्पा मारतायत.

मला इतका संताप आला की अप्पासाहेबांच्या सात पिढ्या उद्धाराव्यात असं वाटलं. जीभ तोंडात वळवळत होती, बायाक्काचीच जीभ आहे ती. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "राजा, घरला जा. परात घिऊन ये."

तर मी घरी आले आहे. भाकरी बांधली, घागर भरली, परात घासून घेतली. अप्पासाहेबांचे पाय चिखलानं भरलेत, मी पाहिलंय. माझ्याच्यानं हे होईल असं मला वाटत नाही.  पण त्यांच्यापुढं जाऊन बसणार आहे आणि म्हणणार आहे, पाय फुडं करा, अप्पासाहेब. पळाले तर उद्या परत जाईन.